तो ‘पण’ खोडून टाका

‘रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले, पण त्यांची देशभक्ती शेवटपर्यंत अस्सल राहिली.’ हे वाक्य मी किती व्यासपीठांवरून ऐकले असेल, त्याची गणती नाही. कधी साहित्य संमेलनाच्या परिसंवादात, कधी शाळेच्या स्नेहसंमेलनात, कधी बालकवींच्या स्मृतिदिनी. बोलणारा मनापासून गौरव करत असतो. ऐकणारेही समाधानाने मान डोलावतात. मी मात्र दर वेळी त्या एका ‘पण’पाशी अडखळतो. नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत मी वाढलो. टिळकांची गीते मला पाठ झाली ती शाळेत जाऊ लागण्याआधी, पेटी आणि तबल्याच्या साथीने, आईच्या मांडीवर बसून. ती गाताना आमच्यापैकी कुणाच्याही मनात हा ‘पण’ कधी आला नाही. तो बाहेरून आला आणि गौरवाच्या वाक्यात बसून आला, म्हणून त्याला उत्तर द्यायचेही आजवर राहून गेले.

त्या ‘पण’च्या पोटात काय आहे ते स्पष्ट सांगतो. ख्रिस्ती होणे म्हणजे देशापासून एक पाऊल दूर जाणे, हे त्यात गृहीत आहे. टिळक गेले नाहीत, म्हणून ते अपवाद. आणि अपवाद का, तर बालपणीच्या ब्राह्मणी संस्कारांची शिदोरी त्यांना जन्मभर पुरली. म्हणजे त्यांच्या काव्यातले देशप्रेम जुन्या घरचे, ख्रिस्तभक्ती नव्या घरची, आणि दोन्ही एका माणसात योगायोगाने नांदली. मराठी वाङ्मयाच्या पुष्कळ इतिहासकारांनी त्यांची हीच वाटणी केली. फुलामुलांचा कवी अभ्यासक्रमात गेला, ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ्यपुस्तकात गेले, नवराबायकोचा संसार ‘स्मृतिचित्रे’तून घरोघर गेला. उपासनेसाठी लिहिलेली गीते तेवढी चर्चच्या भिंतींआड राहिली. त्यातच त्यांची सर्वांत खोल देशभक्ती आहे, आणि मराठी वाचकाने बहुधा तीच वाचलेली नाही.

आता घडले काय ते क्रमाने पाहू, कारण हा वाद क्रमाचाच आहे. नारायण वामन टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मले. नाशकात संस्कृत शिकले. पुढे एका गावी टिकून न राहता शिक्षकी, पुराण, कीर्तन, लेखन असे फिरत राहिले. नागपूरला अप्पासाहेब बुटींचा आश्रय मिळाला. या सगळ्या वणवणीत एक प्रश्न त्यांचा पिच्छा सोडत नव्हता: हा देश असा का पडला, आणि तो उठेल कशाने? जातिभेदाने आणि मूर्तिपूजेने समाजाची शक्ती खाल्ली, या निष्कर्षाला ते ख्रिस्ताचे नाव गांभीर्याने घेण्याआधीच आले होते. सर्व माणसे एका ईश्वराची लेकरे, या पायावर एखादा नवा धर्मच उभारावा इथवर त्यांचा विचार गेला होता. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी बोलणे झाले. त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांनी पुस्तक उघडले. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तिथून त्यांचे पाऊल पुढे निघेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

यात देशभक्ती कुठे आहे? ती पहिल्या पायरीवर आहे. देशाचा विचार करता करता ते धर्माच्या प्रश्नाशी आले आणि त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ख्रिस्तापाशी आले. त्यांना सापडलेले उत्तर वाचकाला पटो वा न पटो. पण ज्या ओढीने माणूस चालत निघाला, ती ओढ मुक्कामाला पोचल्यावर ‘शिल्लक राहिली’ असे म्हणणे म्हणजे वाटेचा नकाशा उलटा धरणे आहे. ते ख्रिस्ती झाले, त्याच्या मुळाशीच त्यांचे देशप्रेम होते.

आणि त्याची किंमत? घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. लोकांनी त्यांना विधवेसारखी वागणूक द्यायची की सवाष्णीसारखी, हेही ठरेना. ही ताटातूट काही वर्षे चालली. नाती गेली, जात गेली, विद्वान ब्राह्मण म्हणून जिथे पाट मांडला जाई ती घरे गेली. एवढे सगळे गमावून जो माणूस गाणी लिहायला बसतो, त्याच्या गाण्यांना ‘आमिष’ म्हणणारेही आहेत. तो दुसरा आरोप. अभंगाची चाल, कीर्तनाचा थाट, मायभूमीचा जयघोष हे सारे भोळ्या लोकांना ओढण्यासाठी चढवलेले सोंग, असे ते सांगतात.

हा आरोप सरसकट हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला एक खरे कारण आहे आणि ते आम्ही ख्रिस्ती लोकांनी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. साम्राज्याच्या भरतीच्या काळात लिहिली गेलेली इंग्रजी मिशनरी गीते जगभर पसरली. १८१९ साली रेजिनल्ड हीबर यांनी लिहिलेले गीत त्यातले सर्वांत प्रसिद्ध. त्यात ग्रीनलंडपासून हिंदुस्थान आणि सिलोनपर्यंतच्या भूमी अंधारात पडून हाका मारताना दाखवल्या आहेत. सिलोनचा निसर्ग सुंदर आणि माणूस तेवढा नीच, असे त्यातले एक कडवे म्हणते. हीबर चार वर्षांनी कलकत्त्याचे बिशप झाले, पण हे कडवे त्यांनी हिंदुस्थानात पाऊल ठेवण्याआधी, वेल्समध्ये बसून लिहिले होते. १९२५ साली कलकत्त्यात मिशनऱ्यांपुढे बोलताना गांधीजींनी त्या ओळींचा उल्लेख केला आणि त्या आपल्याला सदैव सलत आल्या आहेत, असे सांगितले. त्यांचे सलणे योग्यच होते. ज्या गीतात गाणाऱ्याचा देश उजेडात आणि ऐकणाऱ्याचा देश काळोखात असतो, त्या गीताला ऐकणाऱ्याने देशभक्तीचे म्हणावे अशी अपेक्षा कुणी करू नये.

अशा गीतांची भाषांतरे हिंदुस्थानातल्या चर्चमध्येही गायली गेली. परक्या वृत्तात मराठी शब्द कोंबायचे, ऱ्हस्व-दीर्घाचे हाल करायचे आणि ऑर्गनवर ते सूर ओढायचे, ही परीक्षा आमच्या पूर्वजांनी दिली आहे. टिळकांच्या आधी कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या मराठी ख्रिस्ती कवींनी देशी पदे रचलेली होती. त्याहीआधी, १६१६ साली गोव्यात, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून काढले होते. त्यामुळे ख्रिस्ताला ओवीत आणण्याचा पहिला मान टिळकांचा नव्हे. त्यांचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. हीबरच्या गीतात जी नजर बाहेरून या भूमीकडे पाहते, ती टिळकांनी पूर्ण फिरवली. त्यांच्या अभंगात बोलणारा या भूमीच्या पोटचा आहे. ऋषी आणि संत तिच्याच कुशीत जन्मले याचा तो अभिमान सांगतो. एका अभंगात तर तो मातृभूमीचे आभार मानतो: मी ख्रिस्ती, तरी इथे मला कुणी टाकून बोलत नाही, मिठीत घेतात, माझ्या गुरूचाही मान राखतात. शेवटी ‘दास’ ही मुद्रिका येते. ज्याला जातीतून बाहेर काढले होते, तो देशाच्या औदार्याचे गाणे गातो आहे. आपल्या वाट्याला आलेल्या कडू दिवसांचा त्यात मागमूस नाही. हे लिहिताना त्यांचे मन किती मोठे झाले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. हे वाक्यही लोक सोयीने वापरतात. एक पक्ष तुकारामांना कमी लेखल्याचा राग धरतो, दुसरा टिळक ‘खरे तर वारकरीच’ असल्याचे सांगतो. दोघेही पूल विसरतात. पुलावरून गेलेला माणूस पूल जाळत नाही. ‘अभंगांजली’ हे नाव त्यांनी दिले ते उगाच नाही. अभंग हे त्यांना सजावटीचे वस्त्र वाटत नव्हते. देवाशी भांडायचे, रुसायचे, लोळण घ्यायचे तर मराठी माणूस ते याच छंदात करू शकतो, हे त्यांच्या रक्तात होते.

आमिषाच्या आरोपाला खरे उत्तर मात्र या सौंदर्यात नाही, टिळकांच्या भांडणात आहे. आमिष म्हणायचे तर ते मासेमाऱ्याच्या हिताचे असले पाहिजे. टिळक १९१२ पासून मरेपर्यंत ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादक होते. अमेरिकन मराठी मिशनचे हे पत्र १८४२ साली नगरहून सुरू झाले होते. त्या मिशनच्याच छत्राखाली राहून त्यांनी मिशनऱ्यांना सुनावले. मिशनरी ‘मायबाप’ आणि एतद्देशीय ख्रिस्ती त्यांचे आश्रित, हे नाते त्यांना असह्य झाले होते. एका रचनेत ते गोऱ्या धर्मबंधूंना विचारतात की तुम्ही गुलामांचे राज्य वसवले आहे, त्याला देवाचे राज्य कशाला म्हणता. दोऱ्या तुमच्या हाती आणि आम्ही कळसूत्री बाहुल्यांसारखे नाचतो, हा खेळ चालणार किती दिवस? ज्याच्या पगारावर घर चालते त्याला असे तोंडावर विचारणारा माणूस कुणाचे आमिष लावत होता?

पुढे तर त्यांनी तो पगारही सोडला. १९१७ साली मिशनचा राजीनामा देऊन ख्रिस्ती संन्यासी म्हणून ते साताऱ्यास राहिले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही होती. ज्याला केवळ मंडळीच्या वहीतली नावे वाढवायची आहेत, तो बाप्तिस्म्याची अट दाराबाहेर ठेवत नाही. मिशनमधल्या अनेकांना हे रुचले नाही, आणि त्यांच्या बाजूने विचार केला तर ते साहजिकही होते. टिळक मागे हटले नाहीत. दोन वर्षे पुरती झाली नाहीत तोच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

संस्कारांच्या शिदोरीचा युक्तिवाद मला सर्वांत जास्त लागतो, कारण तो एकट्या टिळकांचा प्रश्न नाही. त्यात गाणाऱ्यांचा अपमान आहे. ही गीते नगर, राहुरी, श्रीरामपूरच्या बाजूला, खेड्याखेड्यांत कोण गात होते? बहुतेक सारे महार आणि मांग समाजांतून आलेले शेतमजूर, त्यांच्या बायका, मिशनच्या शाळांतली त्यांची मुले. त्यांच्याकडे कुठली ब्राह्मणी शिदोरी होती? गावच्या पाणवठ्यावर ज्यांची सावली चालत नव्हती, देवळाच्या पायरीशी ज्यांना अडवले जात होते, त्यांच्या तोंडी ‘माझी मायभूमी’ हा शब्द टिळकांच्या गीताने घातला आणि त्यांनी तो प्रेमाने घोळवला. ज्या देशाने आपल्याला दूर लोटले त्याच्यासाठी आशीर्वाद मागायला शिकवणे ही सोपी गोष्ट नव्हे. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने देश पाहिला नव्हता, नकाशाही पाहिला नव्हता. ‘हिंदुस्थान’ हा शब्द तिला गीतातून माहीत होता आणि तो उच्चारताना ती डोक्यावरचा पदर सारखा करी. तिच्या त्या भावनेला कुणी दुसऱ्याच्या घरची शिल्लक म्हटले, तर मी गप्प बसणार नाही.

लक्ष्मीबाईंचे उदाहरण तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. नवऱ्याच्या धर्मांतराने त्या कोलमडल्या. सोवळे-ओवळे त्यांनी लगेच सोडले नाही. स्वतःच्या बुद्धीने एकेक गाठ सोडवत, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ची जेमतेम दहा-अकरा प्रकरणे लिहिली होती. ते महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पूर्ण केले. जातीची भिंत स्वतःच्या मनात पाडणे ही त्या काळात देशसेवाच होती. आणि ती त्यांनी केली ती नव्या श्रद्धेच्या बळावर, जुन्या संस्काराशी झगडून.

टिळक अपवाद होते, हे म्हणणेही टिकत नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. तिथल्या भगिनींनी गळ्यात घालायला दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. ती अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नकोत, असा प्रश्न या पंचविशीतल्या बाईने आपल्या गुरुस्थानी असलेल्यांना पत्रातून विचारला. १८८९ साली मुंबईला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा प्रतिनिधी म्हणून बसलेल्या मोजक्या स्त्रियांत त्या होत्या. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय टिळकांच्याच वर्षी जन्मले. त्यांनी १८९८ साली ख्रिस्ती त्रैक्याची स्तुती करणारे ‘वन्दे सच्चिदानन्दम्’ हे संस्कृत स्तोत्र रचले. त्याच माणसाने पुढे ‘संध्या’ पत्रातून ब्रिटिश सत्तेवर असे आसूड ओढले की १९०७ साली त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला. तो चालू असतानाच त्यांना मृत्यू आला. अखेरच्या दिवसांत त्यांनी घेतलेल्या प्रायश्चित्ताचा अर्थ काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘वन्दे सच्चिदानन्दम्’ लिहिणारा आणि खटल्याला सामोरा जाणारा माणूस एकच होता, यावर मतभेद नाहीत. माझगावचे काका बॅप्टिस्टा गीते लिहीत नव्हते, पण लोकमान्यांच्या खांद्याला खांदा लावून १९१६ साली बेळगावात होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष तेच झाले. आणि घटना समितीत उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी यांच्यासह ख्रिस्ती प्रतिनिधींनी आपल्या समाजासाठी राखीव जागा नकोत अशी भूमिका घेतली. इतके अपवाद जमले की तो नियम होतो.

सर्वांत अवघड आक्षेप मी शेवटी ठेवला आहे. टिळकांच्या देशगीतांत अनेकदा अशी प्रार्थना येते की हिंदुस्थान ख्रिस्ताच्या चरणी यावा. हिंदू वाचकाला ती खटकते. तो विचारतो: आमचा देश आहे तसा तुम्हाला चालत नाही का? हा प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तरात मी ती प्रार्थना लपवणार नाही आणि तिच्यावर रंगही चढवणार नाही. टिळक सुवार्तिक होते. आपल्याला जे अमृत वाटले ते आपल्या माणसांनी चाखावे, ही त्यांची तळमळ होती. पण देश आहे तसा कोणत्या सुधारकाला चालला? आगरकरांना चालला नाही, जोतीराव फुल्यांना चालला नाही, प्रार्थना समाज काढणाऱ्यांना चालला नाही. प्रत्येकाने आपल्याला जे सर्वांत मोलाचे वाटले ते देशापुढे ठेवले. त्यांच्या देशप्रेमावर आपण शंका घेत नाही, मग टिळकांच्याच ओंजळीत काय आहे हे पाहून प्रेमाचा दर्जा का ठरवायचा? ते घ्यायचे की नाही याचा हक्क घेणाऱ्याचा. टिळकांनी कुणावर जबरदस्ती केली नाही, कुणाला लाच दिली नाही. त्यांनी अभंग म्हटले. मला त्यांची काही गीते काव्य म्हणून उणी वाटतात. घाईत लिहिलेली, उपदेशाने जड झालेली पदे त्यांत आहेत. ती उणी म्हणावीत. कपटी म्हणू नयेत.

आता थोडे आमच्या माणसांविषयी. अलीकडे आमच्याच काही मंडळ्यांत ऐकू येते की देशाची गाणी उपासनेत नकोत, ती ‘जगाची’ आहेत. अभंग आणि झांजा म्हणजे जुन्या धर्माची खूण. पेटी-तबला बाजूला सारून गिटार आणि कीबोर्ड आले, आणि इंग्रजी-हिंदी गाण्यांची मराठी रूपे पुन्हा पडद्यावर झळकू लागली. हा आक्षेप घेणाऱ्यांनी शास्त्र पुन्हा उघडावे. बाबेलच्या नद्यांकाठी बसून आपल्या नगरीसाठी रडणाऱ्यांचे स्तोत्र पवित्र शास्त्रातच आहे. ज्या नगरात तुम्हाला नेले त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा, असे यिर्मयाने बंदिवानांना कळवले. खुद्द येशू यरुशलेमाकडे पाहून रडला. ज्याचा तारणारा आपल्या शहरासाठी रडला, त्याने आपल्या देशासाठी गाऊ नये हे कोणत्या वचनात लिहिले आहे? टिळकांनी जी गुलामी मोडायला आयुष्य वेचले, ती आम्ही हौसेने पुन्हा गळ्यात घालतो आहोत, याचे मला बाहेरच्या टीकेपेक्षा जास्त दुःख होते.

२०२२ साली दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यातून ‘अबाइड विथ मी’ ही धून वगळली गेली, तेव्हा बरीच चर्चा झाली. ते गीत गांधीजींच्या आवडीचे होते, तरी मूळ सूर परका होता हे खरे. त्या निर्णयावर वेगवेगळी मते असू शकतात. टिळकांच्या गीतांना मात्र परकेपणाचे ते कारण लागू पडत नाही. ती इथल्या मातीत, इथल्या छंदात, इथल्या संतांच्या सावलीत जन्मली आहेत.

मराठी कवितेचे संपादन करणाऱ्यांना, पाठ्यपुस्तके ठरवणाऱ्यांना आणि व्यासपीठावरून टिळकांविषयी बोलणाऱ्यांना माझे एवढेच मागणे आहे. ‘उपासना संगीत’ हे पुस्तक एकदा हातात घ्या. ते दुर्मीळ नाही. नगरच्या कुठल्याही जुन्या चर्चमध्ये बाकावर ठेवलेले सापडेल. त्यातली ‘दास’ या मुद्रिकेची मातृभूमीवरची गीते वाचा, जमल्यास रविवारी सकाळी येऊन ऐका. आणि मग मराठी देशभक्तिपर कवितेच्या संग्रहात त्यांना त्यांची जागा द्या, ख्रिस्ती गीते म्हणूनच.